वजन उतरवण्यासाठी पर्सनल ट्रेनर लावू नका. लावायचाच तर ताकदीसाठी लावा

गेल्या महिन्यात ओपीडीत एक ताई आल्या. वय ४६, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत बसून काम. पर्समधून त्यांनी एक छापील कागद काढून टेबलावर ठेवला. मला वाटले रिपोर्ट असेल. तो जिमच्या पॅकेजचा कागद होता. ७२ सेशन, महिनाअखेरपर्यंत खास सवलत.

"डॉक्टर, आधीची ३६ सेशन संपली. २७ हजार भरले होते. तीन महिने एकही दिवस चुकवला नाही. वजन ८० होतं, ते साडेअठ्ठ्याहत्तर झालं. फक्त दीड किलो! ट्रेनर म्हणतो, तुमचा मेटाबॉलिझम स्लो आहे, अजून सहा महिने लागतील. हे पॅकेज घेऊ, की सगळं सोडूनच देऊ? मला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे."

बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

मी त्यांची फाईल उघडली. तीन महिन्यांपूर्वी त्यांचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.३ होती. मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. आता ती ५.९ होती. कंबर ९६ सेंटीमीटरवरून ९२ वर आली होती. आधीच्या पानावर मी "जिना चढताना गुडघे दुखतात" असे लिहून ठेवले होते. त्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाल्या, "ते हो, ते थांबलं. आता स्टेशनचा पूल एका दमात चढते."

एवढे सगळे सुधारले होते, तरी त्या आपण नापास झालो म्हणून रडत होत्या आणि जे त्यांना खरेच फळले होते तेच सोडून द्यायला निघाल्या होत्या. कारण त्यांना विकताना सांगितले होते फक्त वजन.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. वजन कमी करण्यासाठी पर्सनल ट्रेनर लावणे हा पैशाचा आणि मनाच्या उमेदीचा अपव्यय आहे. ट्रेनर उपयोगी नसतो असे नाही. तो ज्या कामाचा माणूस आहे त्यापेक्षा वेगळ्याच कामाचे पैसे आपण त्याला देतो आणि तो ते घेतो, हा खरा घोळ आहे.

आधी हिशेब करू

८० किलो वजनाची व्यक्ती ट्रेनरबरोबर एक तास घालवते. त्यात वॉर्म-अप आला, दोन सेटमधली विश्रांती आली, मशीन रिकामे होण्याची वाट पाहणे आले. नुसते बसून राहण्यापेक्षा या तासात जास्तीच्या साधारण २८० कॅलरी जळतात. एक वडापाव खाल्ला की तेवढ्या परत येतात.

३६ सेशनच्या झाल्या सुमारे १०,००० कॅलरी. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे तीन महिन्यांच्या घामाची कागदावरची किंमत होते सव्वा किलोच्या आसपास. ताईंचे वजन दीड किलो उतरले. त्यांचा मेटाबॉलिझम स्लो नव्हता. व्यायामाने जेवढे काम करायचे असते तेवढे चोख केले होते. पैशात मांडले तर किलोमागे वीस हजारांच्या आसपास.

आता दुसरा हिशेब. दिवसाचे तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. सहा चमचे म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. ८४ दिवसांत ही साखरही सुमारे १०,००० कॅलरींवर जाते. जे ३६ सेशनमध्ये जळले तेवढे. फुकट.

हे दोन्ही हिशेब ढोबळ आहेत. शरीर वहीतल्या आकड्यांप्रमाणे वागत नाही, आणि जे वेगळे वागते ते सहसा आपल्या बाजूने नसते. व्यायाम वाढला की भूक वाढते. सकाळी जिमला गेलेला माणूस दुपारी नकळत जास्त बसून राहतो, लिफ्ट घेतो आणि "आज घाम गाळलाय" म्हणून संध्याकाळी एक प्लेट भजी जास्त खातो. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांची ऊर्जा मोजली. दिवसभर मैलोनमैल चालणारी ही माणसे. तरीही शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण कॅलरी-खर्च अमेरिका-युरोपातल्या खुर्चीत बसणाऱ्यांपेक्षा वेगळा निघाला नाही. शरीर एकीकडे खर्च झाले की दुसरीकडे काटकसर करते.

वजन मुख्यतः ताटात कमी होते. व्यायाम ते खाली टिकवून धरतो. हा क्रम डोक्यात पक्का बसवा.

"पण शेजारच्यांचे पंधरा किलो उतरले!"

उतरले असतील. त्यांना विचारा, ट्रेनरने भात, साखर, बाहेरचे खाणे आणि रात्रीचे जेवण किती कमी करायला लावले होते. पंधरापैकी बहुतेक किलो तिथले असतात. श्रेय मात्र डंबेल्सना मिळते आणि जिमच्या भिंतीवर "आधी आणि नंतर"चा फोटो लागतो.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो गेले तर हुरळून जाऊ नका. पोळी-भात बंद केला की यकृतातला आणि स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर साठलेले पाणीही जाते. ते पाणी पहिल्या लग्नाच्या पंगतीत परत येते. जिममधले बॉडी कंपोझिशन मशीनही पाण्यावरच अंदाज बांधते. पाणी पिऊन उभे राहिलात की उपाशी, यावर त्याचा आकडा हलतो. त्या आकड्यावर खूश होऊ नका आणि रडूही नका.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "डॉक्टर, ट्रेनर असला की शिस्त लागते. कोणीतरी वाट पाहतंय म्हणून तरी आपण उठतो." हे मला मान्य आहे. माणसाला माणसाची सोबत लागते. पण शिस्त कशाची लागली, हे बघा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांचा हा अभ्यास. ज्यांना आहार आणि व्यायामाचे प्रशिक्षण दिले त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. त्या प्रत्येकाला स्वतःचा एक मार्गदर्शक होता, आणि त्यांच्यात बहुतेक आहारतज्ज्ञ होते. पहिल्या २४ आठवड्यांत १६ धडे. काय खाल्ले ते लिहायचे कसे, बाजारात काय घ्यायचे, लग्नकार्यात काय करायचे, आठवड्यात १५० मिनिटे चालणे कसे बसवायचे. त्या मार्गदर्शकाचे काम लोकांना स्वतःचे स्वतः सांभाळायला शिकवणे हे होते. शेजारी उभे राहून "अजून दोन, अजून दोन" मोजणे हे नव्हते.

ज्या शिस्तीला महिन्याला नऊ हजार लागतात ती शिस्त पैसे संपले की संपते.

मग ट्रेनर कशासाठी?

ताकदीसाठी. आणि हे काम वजनापेक्षा लहान नाही, उलट मोठे आहे.

आपल्याकडे तालमी होत्या, कोल्हापूर-सांगलीकडे आजही आहेत. तालमीत कोणी बारीक व्हायला जात नसे. वस्ताद जोर कसे मारायचे, बैठक कुठवर घ्यायची, श्वास कधी सोडायचा हे शिकवायचा. पोरगा ताकदवान होऊन बाहेर पडायचा आणि शिकलेले आयुष्यभर वापरायचा. वस्तादाने काटा आणून वजन उतरवण्याची हमी दिल्याचे कोणी ऐकले आहे का?

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात. स्नायू म्हणजे नुसते दंड नव्हेत. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक स्नायूच असतात. ते कमी झाले की साखर चढते, गुडघ्यावर भार येतो आणि सत्तरीत खुर्चीतून उठायला दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला. आपल्याकडे लोक चालतात, पण हा दुसरा भाग जवळजवळ कोणीच करत नाही.

वजन न उतरताही फायदा होतो, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहार-व्यायाम सुधारलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले आणि त्या गटाचे वजन म्हणावे असे कमी झालेच नव्हते. माझ्या ताईंचेही नेमके हेच झाले होते.

आणखी एक. नुसते खाणे कमी करून किंवा वजनाच्या नव्या इंजेक्शनांनी वजन उतरते, तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. त्या काळात ताकदीचा व्यायाम केला तर ते बरेच वाचतात. इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

ट्रेनर जेव्हा डॉक्टर होतो

आता गंभीर भाग. ५२ वर्षांचे एक गृहस्थ, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. ट्रेनरने त्यांना रात्रीची भाकरी आणि भात बंद करायला सांगितले आणि सकाळी उपाशीपोटी व्यायामाला बोलावले. "चरबी जास्त जळते." चौथ्या दिवशी ट्रेडमिलवर घाम फुटला, हातपाय थरथरले आणि ते खाली बसले. बीपी कमी झाले असेल म्हणून ट्रेनरने मीठ-पाणी दिले. माझ्याकडे आणले तेव्हा साखर ४८ होती. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, याची ती गोळी चौकशी करत नाही.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्याने ग्लिमेपिराइड हा शब्द ऐकलाच नव्हता. आणि खरे सांगायचे तर चूक आधी माझी होती. मी त्या गृहस्थांना दोन वर्षे प्रत्येक भेटीत "वजन कमी करा, व्यायाम करा" एवढेच म्हणत आलो होतो. कसे, कधी, गोळीचे काय, हे सांगायला मी वेळ काढला नाही. आम्ही डॉक्टर अर्ध्या मिनिटात "वजन कमी करा" म्हणतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. त्या रिकाम्या जागेत पॅकेज विकणारे शिरतात. तेव्हा ट्रेनरला दोष देताना आमच्या धंद्याकडेही बोट दाखवावे लागेल.

आपल्या देशात स्वतःला फिटनेस ट्रेनर म्हणवून घ्यायला डॉक्टरसारखा परवाना लागत नाही. काहींनी चांगले कोर्स केलेले असतात, काहींनी आठवड्याभराचे. अनेक जिममध्ये त्यांच्यावर पॅकेज आणि पावडरी विकण्याचे टार्गेट असते. म्हणून या गोष्टी त्यांच्याकडून कधीच घेऊ नका:

१. गोळ्या बंद किंवा कमी करण्याचा सल्ला. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम बंद केला तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. आहार बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

२. "फॅट बर्नर". डीएनपी नावाचे एक रसायन यासाठी विकले जात असे. अमेरिकेने १९३८ मध्येच ते माणसाच्या पोटात जाण्यास अयोग्य ठरवले. तरी त्याने माणसे दगावल्याच्या बातम्या अजून येतात. लेबल नसलेल्या कॅप्सूल तर हातातही धरू नका.

३. इंजेक्शने आणि "कोर्स". हे बहुधा स्टेरॉइड असते. शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बंद पडते, शुक्रजंतू घटतात, यकृत आणि हृदयावर परिणाम होतो. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या तरुणाला मी आता जिमबद्दल विचारतोच.

४. प्रोटीन पावडरचा डबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन सप्लिमेंट टाळण्याचा सल्ला दिला आहे. निरोगी प्रौढाची रोजची शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांत ती बसते. ज्यांना खरोखर जास्त लागते त्यांनी आहारतज्ज्ञांना विचारावे. क्रिएटिन घेत असाल तर किडनीची तपासणी करताना डॉक्टरांना तसे सांगा. किडनी ठीक असूनही रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेले दिसू शकते.

आणि एक धोक्याची खूण. नवा, झेपणार नाही असा व्यायाम झाल्यावर स्नायू प्रचंड दुखले, सुजले आणि लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, तर ती "चांगल्या वर्कआउटची" निशाणी समजू नका. स्नायू फुटून किडनीवर येत असतात. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. व्यायाम करताना छातीत दडपण, चक्कर किंवा कधी नव्हे असा दम लागला तरी तेच.

लावायचा की नाही? असे ठरवा

तुम्ही आजवर चाललाही नसाल तर आधी चाला. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर मारा. हे सहा आठवडे जमले की ट्रेनरचा विचार करा. हे न जमणाऱ्याला पॅकेजही जमत नाही.

गुडघा, कंबर, मणका दुखत असेल तर पहिला खर्च फिजिओथेरपिस्टवर करा. मधुमेह असेल तर जड वजने उचलण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोर लावताना त्या फुटू शकतात. हृदयविकार किंवा नियंत्रणात नसलेले बीपी असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी.

वजन हाच प्रश्न असेल तर त्याच पैशांतून आधी आहारतज्ज्ञांच्या तीन-चार भेटी, एक मोजपट्टी आणि चालायचे चांगले बूट घ्या. थायरॉइड तपासा. वजन वाढवणारी एखादी गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. रात्री किती तास झोपता तेही बघा.

वजने कशी उचलायची हे ज्यांना कधीच कोणी शिकवले नाही त्यांनी ट्रेनर जरूर लावावा. पण शिकवणीसारखा, ठरावीक मुदतीसाठी. २० ते २५ सेशन पुष्कळ झाली. ठरवण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारा.

- तुम्ही कोणता कोर्स केला? हृदय बंद पडले तर छाती कशी दाबायची, याचे प्रशिक्षण झाले आहे का?
- माझे आजार आणि गोळ्या लिहून घेणार का?
- तीन महिन्यांनी मी तुमच्याशिवाय काय काय करू शकेन?
- माझी प्रगती कशावर मोजणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर "किलो" आले तर नमस्कार करून निघा. "आज पाच किलो उचलता, बारा आठवड्यांनी पंधरा उचलाल, आणि कसे उचलायचे ते तुम्हाला कळलेले असेल" असे उत्तर आले तर तो माणूस कामाचा आहे. त्याला त्याच्या कामाचे पूर्ण पैसे द्या.

ताईंना काय सांगितले

पॅकेज घेऊ नका, व्यायाम सोडू नका. ३६ सेशनमध्ये जे शिकलात ते आठवड्यातून दोनदा स्वतः करा, आणि महिन्यातून एकदा ट्रेनरला पैसे देऊन चुका दुरुस्त करून घ्या. वजनाचा विषय आपण दोघे आणि आहारतज्ज्ञ बघू. सुरुवात चहापासून आणि रात्री साडेदहाच्या जेवणापासून.

जाताना त्यांनी विचारले, "म्हणजे मी नापास नाही?" मी त्यांना त्यांचेच दोन रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवले.

तुमच्या डॉक्टरांनी पुढच्या वेळी "वजन कमी करा" म्हटले तर लगेच उठू नका. "कसं?" असे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहा. त्या उत्तराची फी तुम्ही आधीच भरलेली असते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे आजार आणि औषधे यांनुसार व्यायाम-आहारातला बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.)